ठरलेला निकाल आणि न ठरलेली जखम

भिवंडीहून वाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर अंबाडी हे नाक्याचे गाव लागते. येथून वज्रेश्वरी-गणेशपुरीकडे फाटा वळतो. ठाणे जिल्ह्याच्या या पट्ट्यात जत्रेच्या निमित्ताने होणाऱ्या कुस्त्यांची परंपरा जुनी आहे. आणि गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात केबलची तार घरोघर पोहोचल्यापासून दूरचित्रवाणीवरील अमेरिकी व्यावसायिक कुस्तीचा प्रेक्षकही येथे तयार झाला आहे. अनेकदा हे दोन प्रेक्षक एकाच ओटीवर बसलेले असतात. पुतण्या एखादी वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची गाजलेली ‘टॅग टीम’ लढत पुन्हा पाहत असतो, तिच्यातील बारकावे उलगडून सांगत असतो, आणि मातीतल्या कुस्त्या पाहिलेले काका काही वेळ ऐकून घेऊन विचारतात, “अरे, पण पडणार कोण ते आधीच ठरलेलं होतं ना?” त्यावर पुतण्याचे उत्तर असे कल्पिता येते : “ठरलेलं होतं काका. पण त्याचा पाय काही ठरवून फाटला नाही.”

हा संवाद कल्पित असला तरी त्यातील दोन्ही वाक्ये गंभीरपणे घेण्याजोगी आहेत. काकांच्या प्रश्नात सत्यासंबंधीची एक भूमिका आहे. पुतण्याच्या उत्तरात ती खोडून काढण्याचा आव आहे, पण वस्तुतः ते उत्तर काकांचीच भूमिका मागच्या दाराने मान्य करते. ज्या प्रयोगाचा बचाव ‘हे खोटे आहे हे आम्हांला ठाऊक आहे’ या तत्त्वावर केला जातो, त्याच प्रयोगाचे मोठेपण सिद्ध करण्यासाठी त्यातील एकमेव खऱ्या गोष्टीकडे, म्हणजे जखमेकडे, बोट दाखवले जाते. आस्वादकाच्या भूमिकेतील हा दुभंग कोठून येतो आणि त्याला काही नैतिक किंमत मोजावी लागते काय, हा येथे विचारार्थ घेतलेला प्रश्न आहे.

ज्या लढतीविषयी हे बोलणे चालले आहे ती २१ मे २००१ रोजी अमेरिकेतील सॅन होजे येथे झाली आणि ‘रॉ’ या साप्ताहिक कार्यक्रमातून प्रक्षेपित झाली. एका बाजूला स्टीव्ह ऑस्टिन आणि ट्रिपल एच ही सत्ताधारी जोडी होती. त्या वेळी डब्ल्यूडब्ल्यूएफचे (२००२ पासूनची डब्ल्यूडब्ल्यूई) मुख्य अजिंक्यपद ऑस्टिनकडे आणि जोडीचे अजिंक्यपद या दोघांच्या हाती होते. दुसऱ्या बाजूला ख्रिस जेरिको आणि ख्रिस बेन्वा हे दोन कॅनडियन मल्ल होते. टॅग टीमचा संकेत साधा आहे. दोघांपैकी एकाने रिंगणात लढायचे, दुसऱ्याने दोराबाहेर थांबायचे, आणि हाताला हात लागल्याशिवाय आत यायचे नाही. या एका नियमातून सारे नाट्य निर्माण होते. एकटा सापडलेला मल्ल मार खातो, सरपटत आपल्या कोपऱ्याकडे येतो, साथीदाराचा हात दोन बोटांवर असताना त्याला मागे खेचले जाते. पंचाची पाठ वळली की नियम मोडले जातात, आणि ते मोडताना प्रेक्षकाला दिसतात पण पंचाला दिसत नाहीत. अन्यायाचा असा एकमेव साक्षीदार होणे ही प्रेक्षकाची यातना आणि हीच त्याची चैन.

लढतीच्या उत्तरार्धात जेरिकोने ऑस्टिनवर आपला नेहमीचा पेच टाकला. तो सोडवण्यासाठी ट्रिपल एच धावत आत आला, त्याने डावा पाय रोवला आणि त्याच क्षणी त्याच्या मांडीचा पुढचा मोठा स्नायू तुटला. लढत थांबली नाही. पुढे समालोचकांच्या टेबलावर त्याला उताणा टाकून जेरिकोने तोच पायांचा पेच घालायचा, हे ठरलेले होते. पाय तुटलेला असताना ते ठरल्याप्रमाणे झाले. शेवटी ट्रिपल एचने जेरिकोवर उगारलेला हातोडा ऑस्टिनला लागला, जेरिकोने ऑस्टिनला चीत केले आणि जोडीचे अजिंक्यपद दुसऱ्या बाजूकडे गेले. ट्रिपल एच जानेवारी २००२ मध्ये पुन्हा रिंगणात उतरला. या लढतीचे परीक्षण करणारा जवळजवळ प्रत्येक चाहता पाय तुटल्याच्या क्षणापाशी थांबतो आणि तेथून लढतीची प्रत चढवतो.

मराठी कुस्तीच्या परिभाषेत या सगळ्या प्रकाराला एक तिखट शब्द तयार आहे : नुरा कुस्ती. आपसांत ठरवून केलेली, पैशासाठी बरोबरीत सोडवलेली किंवा मुद्दाम हरलेली ही कुस्ती. तालमीच्या नीतिशास्त्रात यासारखे दुसरे पाप नाही. शाहू महाराजांनी कोल्हापुरात उभारलेल्या आणि १९१२ साली पुऱ्या झालेल्या खासबाग मैदानासारख्या ठिकाणी प्रेक्षक ‘निकाली’ कुस्ती मागतो. खडाखडी लांबली की तो अस्वस्थ होतो, आणि नुरेचा संशय आला की कालचा लाडका मल्लही त्याच्या मनातून उतरतो. या रागाचे कारण केवळ फसवणूक हे नव्हे. मल्लाची कीर्ती ही वस्ताद, खुराक पुरवणारा पोशिंदा, गाव आणि तालीम यांची सामाईक ठेव असते. नुरा खेळणारा ती ठेव परस्पर विकतो.

मग अमेरिकी कुस्तीतील ठरलेला निकाल पाप का ठरत नाही? प्रेक्षकाला तो ठाऊक असतो, हे उत्तर सरळ आहे. असत्य सांगणाऱ्याचा हेतू ऐकणाऱ्याच्या ठिकाणी खोटी समजूत निर्माण करण्याचा नसेल, तर त्याला खोटे बोलणे म्हणता येत नाही. नट ‘मी दुष्यंत’ म्हणतो तेव्हा तो खोटे बोलत नाही. तथापि हे ‘ठाऊक असणे’ फार उशिरा अधिकृत झाले, हेही ध्यानात घ्यावे लागते. १९८९ साली न्यू जर्सी राज्याच्या विधिमंडळासमोर कंपनीने आपला कार्यक्रम ही स्पर्धा नसून करमणूक आहे, असे स्वतःहून मांडले, ते क्रीडा आयोगाच्या नियंत्रणातून आणि करातून सुटण्यासाठी. (सत्यकथनाला व्यवहारात इतका उघड मोबदला क्वचितच मिळत असेल.) आपल्याकडेही मुंबईत २९ मे १९६८ रोजी दारासिंगने लू थेझला हरवले तेव्हाच्या प्रेक्षकाने ते जगज्जेतेपद मानूनच साजरे केले. अशा फ्रीस्टाइल लढतींत किती ठरलेले आणि किती लढलेले होते, या वादात न शिरताही एवढे म्हणता येईल की त्या प्रेक्षकाचा आनंद श्रद्धेचा होता, संकेताचा नव्हता. तोच दारासिंग वीस वर्षांनी ‘रामायण’ मालिकेत हनुमान झाला. त्या वेळी कुणी त्याला ‘तू खरा हनुमान आहेस काय’ असे विचारले नाही. एकाच देहाविषयी दोन प्रकारचे विश्वास त्याच समाजाने ठेवले आणि त्यांत गल्लत केली नाही.

मल्लयुद्ध हा प्रेक्षणीय प्रयोग आहे, ही कल्पना पाश्चात्त्य नव्हे. कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसऱ्या सोमेश्वराच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील ग्रंथात मल्लांचा विचार ‘विनोदां’मध्ये, म्हणजे राजाच्या मनोरंजनप्रकारांमध्ये, केलेला आहे. मल्लाचा देह राजाच्या डोळ्यांसाठी घडवला जातो, ही जाणीव तेथे स्पष्ट आहे. पण विनोद म्हणून पाहिलेली कुस्तीही तेथे कुस्तीच राहते, तिचे नाटक होत नाही. नाटक होण्याची पायरी आधुनिक आहे, आणि तिची सर्वांत प्रसिद्ध मीमांसा रोलां बार्थ यांच्या ‘मिथॉलॉजीज’ (१९५७) या पुस्तकातील पहिल्याच लेखात आढळते. बार्थ यांच्या मते ही कुस्ती खेळ नसून दृश्य आहे. तेथे दुःख, पराभव आणि न्याय यांची चिन्हे दूरच्या प्रेक्षकालाही वाचता येतील इतकी ठळक केलेली असतात. ती खरी आहेत की नाहीत हा प्रश्न प्रेक्षक विचारत नाही आणि त्यातच त्याची सुज्ञता आहे. नव्वदीच्या दशकात चिन्हमीमांसेकडे वळलेल्या मराठी अभ्यासकांना हा लेख मोहात पाडणारा वाटावा, हे स्वाभाविक होते. लोकप्रिय आणि हलके मानलेले काहीही त्यामुळे संहितेच्या पदाला पोहोचत होते.

शंकुकाच्या चित्रतुरगन्यायाने हेच अधिक नेमकेपणाने सांगता येते. चित्रातील घोडा पाहताना होणारी प्रतीती ही सम्यक्, मिथ्या, संशय आणि सादृश्य या चारही ज्ञानप्रकारांहून निराळी असते. ऑस्टिन दुष्ट आहे, जेरिको सोशीक आहे, ही प्रतीती अशीच चित्रातल्या घोड्याची. काकांचा प्रश्न मिथ्याज्ञानाविषयी आहे आणि चित्राला तो लागू पडत नाही. येथपर्यंत पुतण्याची बाजू निर्विवाद सरस ठरते.

अडचण पुढे आहे. चित्रातला घोडा लंगडत नाही. तो लंगडू लागला तर प्रेक्षकाची प्रतीती कोणत्या प्रकारची म्हणायची? ट्रिपल एचची जखम बार्थ यांच्या अर्थाने ‘वाचनीय’ नव्हती. स्नायू तुटतो तेव्हा रक्त येत नाही, आवाज लांबवर जात नाही. पाय किंचित दगा देतो, एवढेच दिसते. त्या अगोदर आणि नंतर रिंगणात जी वेदना दिसते ती मोठ्याने ओरडणारी, हात पसरणारी, नाट्यधर्मी वेदना आहे. खरी वेदना मात्र लोकधर्मीही नव्हती. ती दिसण्यासाठी घडलीच नव्हती. यानंतरचा टेबलावरचा प्रसंग सौंदर्यशास्त्राच्या दृष्टीने विलक्षण आहे. तेथे मल्लाने वेदनेचा अभिनय करावयाचा होता आणि वेदना तर प्रत्यक्ष हजर होती. त्याने खऱ्या वेदनेचा उपयोग खोट्या वेदनेचे चिन्ह म्हणून केला. भरताने अश्रू, कंप, स्वेद यांना सात्त्विक भाव म्हणून वेगळे काढले, कारण ते देहावर प्रत्यक्ष उमटावे लागतात. पण नटाने मन एकाग्र करून ते उमटवायचे असतात. देहच फाडून उमटवलेल्या भावासाठी नाट्यशास्त्रात कोठी नाही. उलट युद्ध आणि मरण अंकात प्रत्यक्ष न दाखवता प्रवेशकातून सुचवावे, असा तेथील दंडक आहे. तो केवळ अभिरुचीचा किंवा मंगलाचा प्रश्न असेल असे नव्हे. रंगभूमीवर अशी एक जागा असते की जेथे दाखवणे आणि घडणे यांतील अंतर टिकत नाही, याचे भान त्यामागे असावे.

चाहत्यांच्या परीक्षणपद्धतीकडे आता वळावे. लढतींना तारे देण्याची जी पद्धत अमेरिकेत डेव्ह मेल्ट्झर यांच्या वार्तापत्रामुळे रूढ झाली, तिने एक प्रकारचा रूपवादी समीक्षाव्यवहार घडवला आहे. लढतीची गती, चढउतार, साथीदाराचा हात लागण्याचा क्षण किती लांबवला, शेवट आधीच्या घटनांतून उगवला की वरून चिकटवला, असे हे प्रश्न असतात. मर्ढेकरांचे संवाद, विरोध आणि समतोल हे लयीचे नियम या विश्लेषणाला अनायासे लागू पडतात. प्रस्तुत लढतीत सत्ताधारी जोडीतील संवाद शेवटच्या हातोड्याने विरोधात कोसळतो आणि समतोल दुसऱ्या बाजूला साधतो, ही रचना निर्दोष आहे. पण मर्ढेकरी कसोटीवर तुटलेल्या स्नायूला काही किंमत देता येत नाही. कवीला कविता लिहिताना ताप होता, ही माहिती कवितेचा घटक नसते. तरीही परीक्षक तिला घटक मानतो. रा. भा. पाटणकर यांनी ‘सौंदर्यमीमांसे’त (१९७४) सौंदर्यविचाराची लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी अशी जी दोन टोके दाखवली, त्यांच्यामध्ये हा परीक्षक एकाच परिच्छेदात ये-जा करतो. निकाल ठरलेला आहे, हे सांगताना तो अलौकिकतावादी असतो. जखमेचे कौतुक करताना तो काकांच्याही पलीकडचा लौकिकतावादी होतो.

काकांच्याही पलीकडचा, असे म्हणण्याला कारण आहे. मातीतल्या कुस्तीत दुखापत ही प्रतिष्ठेची बाब नव्हे. हात निखळला की कुस्ती सोडवतात. प्रतिस्पर्ध्याचा पाय मोडून मिळवलेल्या विजयाची फुशारकी वस्ताद मारू देत नाही. जो खेळ खरा आहे त्याला वेदनेचा दाखला लागत नाही, कारण निकाल हाच त्याचा दाखला असतो. निकाल हातचा गेलेल्या खेळालाच आपण खरे असल्याचा पुरावा अन्यत्र शोधावा लागतो, आणि तो त्याला देहाच्या नासाडीत सापडतो. पुतण्याच्या उत्तरात ‘पण’ हा शब्द आहे. सारा बचाव त्या ‘पण’वर उभा आहे. एखाद्याचा पाय फाटल्यामुळे आपण वेळ वाया घालवलेला नाही, असे समाधान त्यात आहे. हे समाधान क्रूर आहे, असे म्हणण्याची घाई करू नये. पण ते निर्दोषही नाही.

मराठीतील ‘जोड’ हा शब्द येथे साहाय्याला येतो. टॅग टीममध्ये जोडी म्हणजे साथीदार. पण आखाड्यात ‘जोड लावणे’ म्हणजे प्रतिस्पर्धी ठरवणे. समोर उभा राहणारा, ज्याला पाडायचे आहे तो, हाच मराठी मल्लाची जोड. भाषेने हे फार पूर्वी ओळखले होते की ज्याच्या अंगाला अंग भिडवायचे त्याच्याशी असलेले नाते वैराच्या अलीकडचे आहे. व्यावसायिक कुस्तीत तर हे अक्षरशः खरे आहे. जेरिको पेच घालतो तेव्हा समोरच्याची पाठ आणि मान सांभाळणे ही त्याची जबाबदारी असते. समोरचा आपला देह विश्वासाने त्याच्या हवाली करतो. पडद्यावर दिसणारे वैर खोटे आणि न दिसणारे सहकार्य खरे. या दृष्टीने पाहता टेबलावरच्या त्या क्षणी खरा नैतिक प्रसंग ट्रिपल एचच्या सहनशक्तीचा नाही, जेरिकोच्या हातांचा आहे. तुटलेला पाय त्याच्या हाती होता. कार्यक्रम चालवायचा होता. किती ओढायचे हे त्याला, आणि त्यालाच, ठरवायचे होते. चाहत्यांच्या परीक्षणांत सोसणाऱ्याच्या धैर्यावर लिहिले जाते. सांभाळणाऱ्याच्या हातांवर फारसे लिहिले जात नाही. रसिकतेतील ही उणीव समीक्षेच्या अंगानेही खटकावी अशी आहे, कारण कौशल्य तेथे होते.

महाभारतात गदायुद्धाचा एक जाणकार प्रेक्षक आहे. तीर्थयात्रेहून आलेला बलराम आपल्या दोन शिष्यांची लढत पाहतो. भीमाने नाभीखाली, मांडीवर प्रहार करताच तो नांगर उचलून धावतो. कृष्ण त्याला आवरतो, प्रतिज्ञेची आणि आधीच्या अन्यायांची आठवण देतो. बलरामाचे समाधान होत नाही आणि तो द्वारकेला निघून जातो. कृष्णाचा युक्तिवाद कथेचा आहे : या शेवटाची तयारी द्यूतसभेपासून झालेली आहे. बलरामाचा आक्षेप विद्येचा आहे : येथे एका मांडीवर असा घाव घालण्यात आला की जो घालता येत नाही. आजचा परीक्षक कृष्णाची भाषा सराईतपणे बोलतो. बलरामाची भाषा त्याला येत नाही असे नाही. ती त्याला सोयीची नसते.

ती किती गैरसोयीची होऊ शकते, हे याच लढतीतील चौथ्या मल्लाने दाखवून दिले. २००७ च्या जूनमध्ये ख्रिस बेन्वाने आपली पत्नी आणि सात वर्षांचा मुलगा यांची हत्या करून आत्महत्या केली. त्याच वर्षी त्याच्या मेंदूच्या तपासणीत वारंवार झालेल्या आघातांमुळे येणाऱ्या ऱ्हासाच्या खुणा आढळल्याचे जाहीर झाले. कंपनीने त्याचे नाव आपल्या व्यवहारातून जवळजवळ पुसून टाकले. परंतु टॅग टीमच्या लढतीतून एक माणूस पुसता येत नाही. जेरिकोला हात देणारा कुणीतरी कोपऱ्यात लागतोच. तेव्हापासून या लढतीवर लिहिणाऱ्यांनी निरनिराळ्या युक्त्या योजल्या. काही जण त्याचे नाव टाळतात. काही जण एका वाक्यात निषेध नोंदवून पुढे त्याच्या तांत्रिक नैपुण्याचे वर्णन करतात. काही जण कलावंत आणि माणूस यांची फारकत करण्याचे तत्त्व सांगतात, आणि मराठी वाङ्मयीन चर्चेत घासून गुळगुळीत झालेले तेच तत्त्व येथे नव्याने चकाकते.

ही फारकत येथे टिकत नाही, आणि त्याचे कारण हत्येच्या भीषणतेत शोधण्याची गरज नाही. कवीचे चारित्र्य आणि कविता यांच्यामध्ये निदान कागद असतो. बेन्वाच्या बाबतीत माध्यम आणि माणूस हा एकच देह होता. दोरावरून झेप घेऊन डोक्याने आघात करण्याची त्याची कृती प्रेक्षकांना प्रिय होती. ती प्रिय होती कारण तीत हातचे राखलेले दिसत नव्हते, आणि हातचे न राखणे म्हणजे प्रत्यक्षात डोके आपटणे होते. मेंदूच्या ऱ्हासाने त्या कृत्याचे स्पष्टीकरण मिळते काय, हा प्रश्न वैद्यकाचा आहे, आणि त्याने अपराध सौम्य होतो असेही कुणी समजू नये. दोन जीव गेले आणि त्यांचे त्या रिंगणाशी काही देणे नव्हते. परंतु परीक्षकाने ज्याला सच्चेपणा म्हणून तारे दिले तो सच्चेपणा आणि तपासणीत आढळलेली इजा ही दोन निराळी तथ्ये आहेत, असे मात्र आता म्हणता येत नाही. ट्रिपल एचच्या पायाविषयीचे कौतुक ज्या तर्काने निष्पन्न झाले, त्याच तर्काने हेही झाले होते. एक बरा होऊन परतला, म्हणून तो तर्क वीरकथा ठरला.

या लढती पाहूच नयेत, असा निष्कर्ष यातून काढणे सोपे आहे आणि चुकीचे आहे. कंपनीने केलेले पुसणे हे नैतिक कृत्य नाही. त्याने मृतांना न्याय मिळत नाही आणि पाहणाऱ्यांची जबाबदारीही पुसली जाते. पाहणे टाळण्यापेक्षा पाहताना काय मोजले जाते, हे तपासणे अधिक कठीण आहे. १९९९ च्या मे महिन्यात कॅन्सस सिटी येथे ओवेन हार्ट छतावरून खाली सोडला जात असताना पडला आणि मरण पावला, तेव्हा सभागृहातील अनेकांना तो प्रथम कार्यक्रमाचाच भाग वाटला; कार्यक्रम पुढे चालूही राहिला. चित्रतुरगाची सवय झालेल्या डोळ्यांना मरण वेगळे ओळखू आले नाही. दोनच वर्षांनंतरच्या सॅन होजेच्या लढतीत उलटे घडले : जखम ओळखली गेली आणि तिला गुण दिले गेले. यांतील पहिली चूक अज्ञानाची होती. दुसरीला ते नाव देता येणार नाही.

अंबाडीच्या ओटीवर पुतण्या चित्र मागे नेतो आणि पाय रोवला जातो तो क्षण हळू गतीने पुन्हा दाखवतो. “बघा, इथे.” काका वाकून पाहतात. त्यांना काही दिसत नाही. तो पुन्हा मागे नेतो. तिसऱ्या वेळी त्यांना दिसते. ते म्हणतात, “मग सोडवली का नाही?” आणि पुतण्याला प्रथमच काही क्षण पंचाकडे पाहावेसे वाटते, जो आतापर्यंतच्या कोणत्याही परीक्षणात नव्हता.